दोन वाजताचा दूधभात

वडगाव, बेळगाव
१८ जानेवारी २०२५

ती. शालूमावशींस रचनाचा सा. न. वि. वि.

संक्रांतीला तुम्ही जांबोटीच्या बसच्या कंडक्टरजवळ दिलेली तांदळाची पिशवी पोचली. भाताला काय वास सुटतो म्हणून सांगू! इकडं सगळं खुशाल आहे. यांची सेकंड शिफ्ट चालू आहे, फौंड्रीतून यायला साडेअकरा होतात. शेजारच्या गुणाबाईंचे माग दिवसभर खडखडतात. त्यांची आता एवढी सवय झाली आहे की सुट्टीच्या दिवशी मलाच चुकल्यासारखं होतं.

तुमच्याकडं फोन लागत नाही, आणि लागला तरी तुम्हांला ऐकू कमी येतं. पण खरं सांगायचं तर हे मी फोनवर बोललेच नसते.

गेला महिनाभर हे रात्री दोनच्या सुमाराला उठून स्वयंपाकघरात जातात आणि जेवतात. डोळे उघडे असतात, पण माणूस जागा नसतो. दुधाचं पातेलं रिकामं दिसायचं तेव्हा आधी मला मांजराचा संशय आला. मग एकदा पाळत ठेवली. लाइट न लावता खाली बसतात, उरलेल्या भातात दूध घालतात आणि पार पेज होईपर्यंत कालवतात. दिवसा भात जरा मऊ झाला तरी ताट सरकवणारा, भाकरी आणि खर्ड्याशिवाय न जेवणारा हा माणूस! आणि नुसतं खात नाहीत. एक घास स्वतः घेतात, दुसरा ताटाच्या पलीकडच्या काठाला ठेवतात. इतका जपून की बघवत नाही. गेल्या गुरुवारी मी दारातून हाक मारली तर म्हणाले, "थांब गं माधवी, झालंच."

सकाळी विचारलं तर मलाच स्वप्न पडलं असेल म्हणतात.

मावशी, माधवीआक्का जाऊन तीन वर्षं झाली, त्यांच्या जागी मी या घरात येऊन अकरा महिने. त्यांच्या फोटोला हार मीच घालते. फोटोचं मला कधी काही वाटलं नाही. फोटो ताटाला बसत नाही. तुम्ही त्यांच्या आई, म्हणून तुम्हांलाच विचारते. त्या यांना काय करून घालायच्या? सांगा, म्हणजे मीही करीन.

उत्तराची वाट बघते. माया असू द्या.
तुमची,
रचना

*

जांबोटी
२७ जानेवारी

चि. सौ. रचना हिस शालूबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचाय दोन दिस लागलं, बारीक अक्षर आता दिसत न्हाय. हितं थंडी लई हाय. गव्यांनी वरच्या अंगाचं वाल खाऊन टाकलं. म्हस आटली.

परशरामचं तू एवढं मनाला लावून घेऊ नको. माणूस झोपेत काय बी करतो. माझ्या पोरीच्या हातची चव त्याच्या जिभेवर ऱ्हायली असंल, त्याला तू आन् मी काय करणार? ती कुळथाचं पिठलं झकास करायची. लसूण जास्त, कोकम दोन, आन् पीठ आधी भाजून घ्यायचं. करून बघ. तिच्यागत हुईल का न्हाय ते मला सांगता येत न्हाय.

जपून ऱ्हा. म्हातारीची आठवण ठेव.
शालूबाई

*

बोरगाव
१० फेब्रुवारी

ती. शालूमावशींस सा. न. वि. वि.

वरचं गाव बघून तुम्ही चपापला असाल. पाच दिवस झाले, मी माहेरी आहे.

तुमच्या सांगण्याप्रमाणं पिठलं केलं. एकदा नाही, चारदा केलं. हे चांगलं झालंय म्हणाले आणि मुकाट्यानं जेवले. दोन वाजता उठून परत तोच दूधभात. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी संध्याकाळचा भात करायचाच बंद केला. उरलेलं दूधही गुणाबाईंकडं नेऊन ठेवलं. म्हटलं, आता बघू काय कालवतात.

ती माझी चूक. चार तारखेच्या रात्री यांना काही सापडलं नाही, तर झोपेतच गॅस पेटवून तांदूळ चढवले आणि तिथंच भिंतीला टेकून बसले. मला जाग आली ती धुरानं. मी पोचेपर्यंत यांनी तापलेलं पातेलं उघड्या हातानं उतरवलं होतं. उजवा तळवा सगळा भाजला. तेव्हा कुठं हे जागे झाले. एकदा हाताकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग एवढंच म्हणाले, की तू खरं सांगत होतीस.

शिफ्ट बदलल्यावर झोप येईना म्हणून हे एक गोळी घ्यायचे. डॉक्टरांनी ती बंद केली. काही माणसांना त्या गोळीनं असं होतं म्हणे. गॅसचा रेग्युलेटर मी काढून गुणाबाईंच्या ताब्यात दिलाय. डबाही त्याच देतात.

मावशी, निघायच्या आधी मी आक्कांचा फोटो काढून कपाटात ठेवला. यांनी बघितलं, बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर भांडता आलं असतं. मेलेल्या बाईशी तर भांडता येत नाही, म्हणून तुमच्याशी भांडते. तुमच्या लेकीनं माझ्यासाठी या घरात काही शिल्लक ठेवलंय का, तेवढं एकदा सांगा.

लहान तोंडी मोठा घास घेतला, पोटात घाला.
रचना

*

जांबोटी
१७ फेब्रुवारी

चि. सौ. रचनास अनेक आशीर्वाद.

भांडलीस ते बरं केलंस. आता मीबी झाकून ठेवत न्हाय.

पिठल्याचं मी खोटं लिवलं. माधवीला पिठलं येतच न्हवतं, गुठळ्या व्हायच्या. शेवटचं आठ महिनं तर ती गॅसपाशी उभी ऱ्हायली न्हाय. पोटातल्या गाठीनं दिवसा पाणी सुद्धा उलटून पडायचं. रात्री दोनला मळमळ घडीभर थांबायची, तेवढ्यात चार घास जायचं. परशराम कामावरनं यायचा, घटकाभर पडायचा, आन् गजर न लावता उठायचा. तिच्या डोळ्याला उजेड सोसत न्हवता म्हणून अंधारातच दूधभात कालवायचा. ती म्हणायची, तुम्ही खाल्लं तर मी खाणार. मग एक घास त्याचा, एक तिचा. तो तिचं खात न्हवता गं, तिला भरवत हुता.

तवा मी तिथंच ऱ्हायला हुते, त्याच खोलीत भिंतीकडं तोंड करून जागी असायची. आई असून उठत न्हवते. माझ्या हातचा घास ती थुंकायची आन् त्याच्या हातचा गिळायची. पोटच्या पोरीपायी मला जावयाचा हेवा वाटायचा. हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाय.

तुजं पहिलं पत्र वाचून मला आनंद झाला, की हा अजून इसरला न्हाय. लगेच तुजा हेवा वाटला. ते बघाय तू तिथं हाईस, आन् मी हितं म्हशीपाशी. म्हणून खरं लिवलं न्हाय. त्यापायी त्याचा हात भाजला. त्यात माझा वाटा हाय.

फोटो लाव न्हायतर ठेव, घर तुजं हाय. पण त्याला एकट्याला ठेवू नको.

माझा राग आला तरी पत्र बंद करू नको.
शालूबाई

*

वडगाव, बेळगाव
१२ मार्च

ती. शालूमावशींस सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी निवले असेन असं तुम्हांला वाटलं असेल. उलट जास्तच जळले. नुसत्या चवीची आठवण असती तर मी ती चव शिकले असते. पण आठ महिने रोज दोनला उठणारा माणूस! माझ्यासाठी हा उठेल का, हेच डोक्यात घेऊन परत आले.

आल्या आल्या तुमचं पत्र यांच्यासमोर ठेवलं. यांनी ते दोनदा वाचलं. मग त्या आठ महिन्यांचं सगळं सांगितलं, अगदी रात्र होईपर्यंत. तुम्ही जाग्या असायच्या हे यांना तेव्हाही ठाऊक होतं म्हणे. फोटो मी परत लावला. कुणी सांगितलं म्हणून नाही.

गोळी बंद झाल्यापासून हे उठले नव्हते. गेल्या मंगळवारी मात्र उठले. मी भात आणि दूध झाकून ठेवलंच होतं. या वेळी दारात उभी न राहता मी समोर जाऊन बसले. यांनी कालवलं, एक घास घेतला, एक माझ्यापुढं धरला. मीठ नव्हतं. मी खाल्ला. "अजून एक," म्हणाले. मी नाव ऐकायला कान टवकारून बसले होते, पण नाव कुणाचंच आलं नाही. तसे नऊ घास खाल्ले. सकाळी सांगितलं तर यांना आठवत नव्हतं. मी म्हटलं, मग जागेपणी एकदा भरवा. लाजून बाहेर निघून गेले.

रविवारी दुपारी गुणाबाईंचे माग बंद होते. माझं जेवण व्हायचं होतं. यांनी स्वतःहून ताट घेतलं, भात कालवला आणि भाजून बऱ्या झालेल्या हातानं मला भरवलं. डोळे लख्ख जागे होते. मावशी, मला काय झालं ते लिहीत नाही, तुम्हांला कळेल. शेवटचा घास झाल्यावर यांनी खांद्यावरचा टॉवेल ओला केला, माझी हनुवटी हातात धरली आणि ओठांच्या कडा हळूच टिपल्या. धडधाकट माणसाचं तोंड असं कुणी पुसत नाही. हा हात कुठं शिकला ते मला कळलं.

तरी मी तोंड पुढं केलं.

तुमच्या गावच्या यात्रेच्या आधी चार दिवस इकडं राहायला या. आतल्या खोलीत तुमचं अंथरूण घालीन. राग असला तर बसमध्येच सोडून या, लोभ तेवढा घेऊन या.
तुमची,
रचना