आयेची जागा

शनिवार, ७ ऑक्टोबर
लिहीन लिहीन करत आख्खा गणपती गेला. आज डोकं फिरलंय म्हणून बसलो.

आयेचा गुडघा बदलला, ती घरी. ससून डॉकच्या बाजारातली तिची जागा रिकामी. तिच्या सासूपासून चालत आलेली! बसणार कोण? बहीण नाही, माझं लग्न नाही, आणि पुरुष तिथं मासळी विकायला बसत नाहीत. शेजारची चांगुणामावशी रोज टीचभर सरकते. काल तर तिची कोळंबीची पाटी सरळ आमच्या फरशीवर!

म्हणून तर मी हेरिटेज वॉकचा गाईड झालो. बोट सोडली, कुरियर सोडलं, हे धरून आहे. पाहुणे आणायचे, बोलत बोलत आयेच्या जागेवर उभे करायचे. शनिवार-रविवार तरी मावशीला तिथं पाटी ठेवता येत नाही.

रविवार, ८ ऑक्टोबर
पाहुणे एका जागी उभे राहतील तर शपथ! एकाच्या नाकाला रुमाल. एकीच्या पांढऱ्या बुटांवर बर्फाचं पाणी. धक्का १८७५ सालचा — सांगून झालं. लिलाव सांगून झाला. मग डॉकवरच्या मांजरांवर घसरलो. ती एक काणी बोकी आहे ना, ती फक्त मांदेलीच — असो.

"दादा, पुढं काही आहे का बघायला?"

चांगुणामावशी मोठ्यानं, "आमचा रोशन फरशीवर पीएचडी करतोय गो!" बायका खदाखदा.

गुरुवार, १२ ऑक्टोबर
वॉकच्या ऑफिसातून मॅडमचा फोन. पाहुण्यांच्या तक्रारी. पुन्हा तिथं थांबलास तर येऊ नकोस.

शनिवार, १४ ऑक्टोबर
थांबलो! पाटी आधीच मांडलेली होती.

"मावशी, उचल."

"उचलते ना. तू बस. नऊवारी नेसवू काय?"

मी पाटीला हात घातला. तिनं कोयता आपटला. पाहुणे व्हिडिओ काढत होते. आजच त्यांना सगळं आवडलं!

आयेला सांगितलं. ती म्हणाली, "जेव आधी." एवढंच! जागा चाललीय आणि हिला माझ्या जेवणाची पडलीय.

रविवार, १५ ऑक्टोबर
चांगुणामावशीची नवी सून आत्ताच आमच्या घरी येऊन गेली. आयेच्या पाया पडली. आयेनं आपली पाटी माळ्यावरून उतरवून तिच्या हातात दिली.

"मीच बोलावलं. मला आता बसवत नाही, रे. तुला काय विचारायचं? तू बसणार होतास?"

पोरगी हळूच मला म्हणाली, "भाऊजी, शनिवारी पाहुण्यांना जरा बाजूला उभं करा हं. भवानी व्हायची असते."