लुदीचे गुण, विनिपेगच्या मापाने

ला पाझ, इलोइलो
३ मार्च १९८९

ती. मावशी, पेर्पिंग तिता हिस,

लुदीविनाचा नमस्कार. तुझा हात इथूनच कपाळाला लावून घेतला आहे. आशीर्वाद मात्र टपालाने पाठव.

आम्ही खुशाल. नानायचं बात्चोयच्या शेवयांचं दुकान बाजारात जोरात आहे. हाडांचा रस्सा पहाटेपासून रटरटतो आणि माझ्या केसांना, पुस्तकांना, पदवीच्या झग्यालासुद्धा त्याचा वास लागलाय. हो, झगा! रसायनशास्त्राची पदवी मिळाली. सरासरी १.२५. तू याच कॉलेजात शिकलीस, तुला काय सांगायचं? आपल्याकडे एक म्हणजे अव्वल आणि पाच म्हणजे आपटलो. पण तुमच्या कॅनडात म्हणे उलटं, चार म्हणजे अव्वल! नुसती गुणपत्रिका धाडली तर ते मला ढ समजून केराच्या टोपलीत टाकतील. म्हणून आमचे प्रोफेसर म्हणाले, आधी तिथल्या गुण जुळवणाऱ्या कचेरीचा दाखला काढ, आणि कुणी आपलं माणूस तिथे असेल तर हेलपाटे त्याच्यावर सोपव. माझं तिथे तूच आहेस. गुणपत्रिकेची शिक्क्याची प्रत सोबत आहे.

पुढच्या शिक्षणाला तिथे जागा मिळाली तर विद्यापीठच शिकवण्याचं काम देतं, त्यात सगळं भागतं. पुढच्या हिवाळ्यात तुझ्या दारातला बर्फ उपसायला बिनपगारी मोलकरीण मिळाली म्हणून समज. नानायला अजून नीटसं बोलले नाही. आईच ती, सुगावा लागला असावा. हल्ली माझ्याकडे डोळे बारीक करून बघते.

माझ्यावर तुझा जीव आहे तसाच राहू दे.

तुझी भाची,
लुदी

—

ला पाझ बाजार
९ मार्च १९८९

चि. पेर्पिंग हिस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? थंडीत डुकराची चरबी लावून चोळत जा, तिथल्या गोळ्यांनी काही होत नाही.

लुदीने तुला गुणपत्रिका पाठवल्याचं कानावर आलं. आता नीट वाच. मला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली वर्षा-दोन वर्षांत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. लुदीला यातलं अक्षर कळता कामा नये. कळलं तर ती राहील, पण दयेने राहील. तू इथे होतीस तेव्हा आपण आईचं कसं केलं ते मला आठवतंय. समोर गोड बोलायचं आणि स्वयंपाकघरात येऊन सुस्कारे टाकायचे. तसले सुस्कारे मी आंधळेपणी ऐकत बसणार नाही.

ती राहायला हवी, पण तिला जाता आलं नाही म्हणून. तिचे गुण कमी भरले असं लिही. तू तिथली, तुझं ती खरं मानेल. तू गेलीस तेव्हा मी अडवलं नव्हतं, उलट आईला शेवटपर्यंत एकटीने उचललं. ते विसरू नकोस. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर घाल.

मुलांना मुके. मायेत अंतर नको.

तुझी मानांग,
फेलिसिदाद

—

विनिपेग
१४ एप्रिल १९८९

चि. लुदीविना हिस,

तितेचे अनेक उत्तम आशीर्वाद आणि पदवीबद्दल शाबासकी. इथे अजून अंगणात बर्फ आहे, तू आली असतीस तर खरंच फावडं हातात दिलं असतं.

पोरी, कचेरीत मी स्वतः जाऊन आले. तिथली बाई फार सभ्य होती. त्यांच्या यादीत आपलं कॉलेज खालच्या रांगेत आहे म्हणे, त्यामुळे प्रत्येक विषयाचा गुण एक पायरी उतरवतात. तसं करून तुझे चारांपैकी दोनच्या आसपास भरतात. विद्यापीठाला तीन लागतात. मी दोनदा विचारलं. ती म्हणाली, पुन्हा अर्ज करून मुलीच्या आशा वाढवू नका.

मनाला लावून घेऊ नकोस. आपल्या गल्लीत पहिली येणारी जीपनी गाडी हमरस्त्यावर मागे पडते, त्यात जीपनीचा काय दोष? देवाने प्रत्येकाची जागा ठरवलेली असते. तुझी नानायजवळ आहे. आई जवळ असणं सगळ्यांच्या नशिबी नसतं, माझ्याकडेच बघ.

पत्र पाठवत जा. तितेला परकी करू नकोस.

तुझी,
तिता पेर्पिंग

—

ला पाझ
२० जून १९८९

ती. पेर्पिंग तिता हिस,

लुदीचा नमस्कार. पत्र पोचलं. दोनदा विचारलंस, खूप केलंस. गुणपत्रिका परत पाठवू नकोस, फाडून टाक.

प्रोफेसरांना सांगितलं तर ते म्हणाले, असं कधी ऐकलं नाही, दुसरीकडे विचारून बघू. मीच नको म्हटलं. एकदा तोंडावर दार आपटलं तेवढं पुरे. कॉलेजात मला हुशार म्हणायचे ते मनातल्या मनात हसत असतील का, असं आता वाटतं. तूही त्या सभ्य बाईसमोर माझ्यामुळे ओशाळली असशील, त्याची माफी.

जारोच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. फळ्यावर साधं समीकरण लिहिताना हात थांबतो. हे तरी मला येतं ना, असं मनात येतं. मग पुस्तकात बघून घेते. मुली हसतात.

तुझं पत्र आलं त्या दिवशी नानायने माझ्या आवडीचं जेवण केलं होतं, मी काही न सांगता. आईला कळतंच.

राग नसावा.

लुदी

—

ला पाझ
१० डिसेंबर १९८९

चि. पेर्पिंग हिस,

आशीर्वाद. हे माझ्या हातचं बहुधा शेवटचं पत्र, ओळी एकमेकींवर चढत असतील तर समजून घे. दुकान विकायला काढलं.

डोळ्यांचं मला आत्ताच कळलं, असं लुदीला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं मी गेले नाही. ऐकलंस? बरं झालं, म्हणाली. मग तू कशाला झोप उडवून घेतेस? पोरीचं वाटोळं केलं असं लिहितेस. वाटोळं कसलं? जेवते, नोकरी करते, रविवारी माझा हात धरून चर्चला नेते. पूर्वी मेली शब्दाला शब्द द्यायची, आता मी म्हणेन त्याला बरं म्हणते. घर कसं शांत झालंय.

यापुढे त्या गोष्टीचा शब्दही पत्रात नको. तुझी पत्रं आता तीच वाचून दाखवणार.

नाताळच्या शुभेच्छा. माया असू दे.

फेलिसिदाद

—

ला पाझ
८ फेब्रुवारी १९९३

पेर्पिंग तिता हिस,

नमस्कार. नानायची तब्येत ठीक. नजर पूर्ण गेली, जीभ शाबूत आहे.

कांदेलारियाच्या जत्रेला यंदा एलिसेओ आला होता. माझ्या वर्गातला, प्रयोगवही नेहमी माझी उतरवून काढायचा. तुमच्याच विनिपेगला शिकतो. त्याची सरासरी आपल्या मापाने दोनच्याही पलीकडची, कॉलेज माझंच, तरी कचेरीने त्याला चारांपैकी तीन दिले. मी खालच्या रांगेचं विचारलं, तर खो खो हसला. म्हणाला, कसली रांग न कसली पायरी, तुझे डोळे झाकून पावणेचार भरले असते! आईसाठी राहिलीस ना? मग चार लोकांत माझ्या त्यागाचं कौतुक केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन नानायला विचारलं. ती चाचपून लसूण सोलत होती. हात थांबला नाही. म्हणाली, हो, मीच सांगितलं, पेर्पिंगने लिहिलं, मला कुणाची दया नको होती. मी म्हटलं, आणि इतकी वर्षं मी स्वतःला ढ समजत होते, त्याचं काय? म्हणाली, त्याने कुणी मरत नाही.

तू कचेरीत गेली होतीस का, एवढंच कळव.

लुदीविना

—

विनिपेग
२ मार्च १९९३

माझ्या लाडक्या लुदीस,

तितेचे आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर.

नव्हते गेले. मानांगने आईचं नाव काढलं आणि माझा हात लिहून गेला. तुझी गुणपत्रिका फाडली नव्हती. परवा ती घेऊन खरोखर गेले. दाखला सोबत आहे. पावणेचार. बाई म्हणाली, अशी मुलगी इतके दिवस कुठे होती? मी काय सांगणार? बसथांब्यावर बसून रडले.

अजून वेळ गेलेली नाही, बाळा. सप्टेंबरपासून ये, माझ्या घरी राहा, वरची खोली रंगवून घेते. फक्त मानांगचं काय करायचं ते तू ठरव. मी आले असते, पण गुडघे प्रवासाचे राहिले नाहीत आणि इथला संसार टाकून निघणं जमत नाही. तू समजूतदार आहेस.

पोटात घाल.

पेर्पिंग

—

इलोइलो
१९ ऑगस्ट १९९३

पेर्पिंग तिता हिस,

नमस्कार. दाखला कामी आला. प्रोफेसरांनी शिफारस दिली आणि मला जागा मिळाली. विनिपेगला नाही. समुद्रकाठच्या एका विद्यापीठात, तुझ्यापासून आगगाडीनेही दिवस लागतात म्हणे. खोली रंगवू नकोस.

नानायला जारोच्या नन्सच्या आश्रमात ठेवलं. खिडकीजवळची खाट आहे. तिने हात फिरवून चादर पाहिली आणि म्हणाली, धुतलेली आहे, चालेल. दुसऱ्या खाटेवरच्या म्हातारीने विचारलं, मुलीने टाकली का तुला? तर तिला फाडकन म्हणाली, माझी मुलगी हुशार आहे, परदेशाने बोलावणं धाडलंय. चार वर्षांत पहिल्यांदा मला तिच्या तोंडून हुशार ऐकायला मिळालं.

माझा अभ्यास पाच वर्षांचा आहे. तिला सहा महिने सांगितलेत. तिने विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. तिने बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, नाताळ तेवढा चुकेल. खरं सांगितलं असतं तर जा म्हणाली असती आणि आयुष्यभर मला त्याचं मोठेपण ऐकवलं असतं. मला ते नको होतं.

तुझी पत्रं आता एक नन वाचून दाखवेल. तूही सहाच महिने लिही. ते सरले की आणखी सहा लिही. काय कारण द्यायचं ते तुला सुचेल, तुझी भाषा गोड आहे. तिने परत परत विचारलं तरी ढळू नकोस. तुझं ती खरं मानेल.

उद्या राजधानीची बोट, तिथून विमान. काल भेटायला गेले तेव्हा तिने कुणाकडून तरी वाळवलेले आंबे मागवून ठेवले होते. स्वतः चाचपडत माझ्या पिशवीत भरले आणि म्हणाली, बेताने खा, सहा महिने पुरवायचेत.

लुदीविना