शेठच्या हुकुमाने पुसलेल्या पावत्या

९ सप्टेंबर, मंगळवार
मोबाइलवरचा मास्तर म्हणतो, लिनक्सचा कोर्स फुकट. खरा खर्च आज मांडला. चष्म्याचा नंबर वाढला. दुपारची झोप बावीस वेळा बुडाली. बायको हौसा दोन दिवस बोलत नाही, कारण भाचीच्या साखरपुड्यात मी मांडवामागे बसून 'डिरेक्टरी म्हणजे काय' ऐकत होतो. एकूण स्वस्तात पडलं.

सातवी पास माणूस मी. डंपरच्या क्लीनरपासून कळंबोलीत स्वतःच्या वजनकाट्यापर्यंत आलो. आवाज ऐकून गाडीचं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. या काट्यावर माझ्या कानावर आल्याशिवाय काही घडत नाही. कॉम्प्युटर तरी माझ्यापुढे किती दिवस गप्प बसेल?

१३ सप्टेंबर
स्क्रिप्ट म्हणजे काय ते कळलं. रोज त्याच त्या कमांड टाइप करायच्या ऐवजी एका फाइलमध्ये एकाखाली एक लिहायच्या. फाइलला चालायची परवानगी द्यायची. क्रॉन नावाच्या मुकादमाला वेळ सांगायची. तो सुट्टी मागत नाही, चहा मागत नाही.

आज पहिली स्क्रिप्ट. पडद्यावर 'नमस्कार शेठ' असं आलं. तीनदा चालवली.

१७ सप्टेंबर
मोठं काम हाती घेतलं. रोज सकाळी दहाला, एक: पावत्यांच्या फोल्डरमध्ये जा. दोन: त्यांची नक्कल बाहेरच्या डिस्कवर टाक. तीन: डिस्कवर जा. चार: जिथे उभा आहेस तिथलं महिन्याहून जुनं सगळं पुसून टाक. डिस्क छोटी, भरायला नको. मूळ पावत्या कॉम्प्युटरात राहतातच.

निनाद येऊन बघून गेला. कॉम्प्युटर बघायला नवीन पनवेलहून येणारा इंजिनीअर तो. म्हणाला, काका, डिस्क सापडली नाही तर तिथेच थांब, असं एक वाक्य टाका. डिस्क कुठे जाणार, मी विचारलं. तो म्हणाला, तरी टाका. शिकलेल्या माणसांना भीती फार.

२० सप्टेंबर
स्क्रिप्टमध्ये सुधारणा. काम झालं की काट्याच्या स्क्रीनवर ओळ येते आणि लॉगमध्ये नोंद राहते: कुठल्या फोल्डरमधून, किती फाइल पुसल्या, कोणाच्या हुकुमाने. हुकूम अर्थातच तुळशीराम शेठचा, म्हणजे माझा. सुनंदाबाई नऊ वर्षं काटा चालवतात. त्यांना म्हटलं, याला पारदर्शक कारभार म्हणतात. त्या बरं म्हणाल्या.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
काट्याची पूजा. वीस किलोची वजनं धुऊन पाटावर मांडली. हवा भरायचा पंप, स्पॅनर, सगळ्यांना हळदकुंकू. मग वाटलं, रोज राबते ती डिस्क तेवढी उपाशी का? नऊलाच स्वतःच्या हाताने काढली, पाटावर ठेवली, झेंडू वाहिला. सगळ्यांना पेढे. फार प्रसन्न वाटलं.

४ ऑक्टोबर
लोखंडवाले कुमार शेठ आले. ऑगस्टमधल्या एका गाडीचं वजन उरणला सव्वा टन कमी भरलं म्हणे. मूळ पावती दाखवा. सुनंदाबाईंनी शोधली. नाही. ऑगस्टचीच नाही. सप्टेंबरच्या आधीचं काहीच नाही.

आतल्या खोलीत जाऊन लॉग उघडला. खंडेनवमी, सकाळी दहा. डिस्क पाटावर झेंडूखाली. स्क्रिप्टला ती सापडली नाही, म्हणून ती पावत्यांच्याच फोल्डरमध्ये उभी राहिली आणि चौथी ओळ पाळली. ६,२१४ फाइल.

लॉगमधली ती ओळ पुसली. ही कमांड पहिल्याच फटक्यात जमली.

बाहेर आलो तर कुमार शेठ म्हणत होते, बाईने ड्रायव्हरशी संगनमत केलं आणि पुसलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, चौकशी करतो. सुनंदाबाईंना म्हटलं, चौकशी होईपर्यंत घरी थांबा. त्यांनी काट्याची चावी टेबलावर ठेवली. पिशवी उचलून निघाल्या. त्यांनी भांडायला हवं होतं, मग मला सांगणं सोपं गेलं असतं.

५ ऑक्टोबर
चूक माझी नाही. परंपरेची आहे. उद्या सांगतो.

७ ऑक्टोबर
काट्यावर मी बसलो. दोन गाड्यांचं वजन उलट लिहिलं. ड्रायव्हर हसले. सुनंदाबाईंच्या खुर्चीला उशी आहे हे नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं.

९ ऑक्टोबर
आज गुरुवार, चांगला दिवस. सांगणार होतो. पण फोनवर अशा गोष्टी बरोबर नाहीत. त्यांच्या घरी मिठाई पाठवली. डबा न उघडता परत आला.

११ ऑक्टोबर
चौकशी समिती नेमली. सभासद मी एकटा. निष्कर्ष: तांत्रिक बिघाड. निनादला वाचून दाखवला. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाला, काका, ते वाक्य टाकलं का? मी विषय बदलला.

१४ ऑक्टोबर
जेवताना हौसा म्हणाली, "त्या बाईच्या घरी दिवाली हाय का नाय? तुमी जाताव का मी जाऊ?" हिला कसं कळलं? बायका अंदाज बांधतात.

१५ ऑक्टोबर
जासईला, बाईंच्या घरी गेलो. भाषण पाठ केलं होतं, सुरुवात पूजेपासून. सुनंदाबाईंनी चहा ठेवला. मी पूजेवरून डिस्कवर आलो, तेव्हा त्या उठल्या आणि कपाटातून एक कागद काढून पुढे ठेवला. खंडेनवमीला दहा वाजता स्क्रीनवर आलेली ओळ. पाहताक्षणी प्रिंट काढलेली. फोल्डर, आकडा, हुकूम तुळशीराम शेठ.

मी विचारलं, कुमार शेठना का नाही दाखवला?

"तुमच्या काट्याचं नाव गेलं असतं. म्हटलं, शेठ स्वतः सांगतील. आज अकरावा दिवस."

तिथूनच कुमार शेठना फोन केला. मीच पुसलं, बाईंचा संबंध नाही, वजनाचा वाद माझ्या अंगावर घ्या. सांगायला अर्धं मिनिट लागलं. ते म्हणाले, बाई परत बसल्या तर गाड्या पाठवीन. तुम्ही बसलात तर नाही.

१६ ऑक्टोबर
सुनंदाबाई कामावर. निनादने डिस्कवालं वाक्य टाकलं. कॉम्प्युटरचा पासवर्ड बाईंनी बदलला. मला सांगितलेला नाही, मी विचारलाही नाही.

चहाच्या वेळी एक हिशेब कळला. काट्यावर आम्ही दहा जण. पावत्या कोणी पुसल्या हे नऊ जणांना खंडेनवमीलाच, पेढे वाटायच्या आधी, स्क्रीनवर वाचून माहीत होतं. मला चार तारखेला कळलं.