कोरं पान

प्रिय पिटुकले,

नीट पोहोचल्याचा तुझा निरोप मिळाला. हे फोनवर सांगता येत नाही, घरात ऐकू जातं, म्हणून लिहिते. आधी हसायचं तेवढं हसून घे, मग वाच.

आईचा पलंगपोस तू इथंच विसरलीस. तिच्या भरतकामाच्या वर्गात आपण दोघी टेबलाखाली दोऱ्यांचे तुकडे वेचत वाढलो, पण तुझं लक्ष कधीच नव्हतं. ती बायकांना देशोदेशीचे नमुने दाखवायची. कुठलं पांढऱ्यावर पांढरं, कुठलं आरशांचं, कुठलं चिंध्यांवर चिंध्या ठेवून धावदोरा घातलेलं. आणि प्रत्येकात मुद्दाम सोडलेली जागा शोधायला लावायची. काम पुरतं भरू नये म्हणायची, भरणारीचा जीव त्यात अडकतो, बाहेर पडायला वाट हवी. मी ते थट्टेवारी न्यायचे.

तुझ्यासाठी भरलेल्या या पलंगपोसावरही तिनं एक पान असंच कोरं ठेवलं होतं. ती गेल्यावर तुला वाटलं, बिचारीचं अपुरं राहिलं. रडत रडत तू ते भरून टाकलंस. प्रेमानंच केलंस गं, तुला कोण बोल लावेल? टाके मात्र नेहमीसारखे वेडेवाकडे!

तू गेलीस आणि त्या पानाशेजारी दुसरं पान फुटलं. मग उशीच्या अभ्र्यावर वेल आली, मग पडद्यावर. उलटून पाहिलं तर मागे एकही गाठ नाही. असं भरणारी आपल्या घरात एकच होती. दुपारी तिच्या खोलीतून बोटातल्या अंगुस्तानावर सुई टेकल्याची टकटक येते. खरं सांगू? मला आनंदच झाला. मी चहा दोन कप टाकायला लागले.

पण तिला थांबताच येत नाहीये. परवा खिडकीचे दोन्ही पडदे एकमेकांना शिवलेले होते. काल कपाटातले कपडे, बाहीला बाही. तुझं पान उसवायला बसले तर हातावर चापटी बसली, लहानपणी बसायची तश्शी. ज्या हातानं टाका घातला त्याच हातानं उसवायचा, हा तिचाच नियम.

म्हणून तू ये. तिला घालवायला माझा जीव होत नाही, ते तुलाच करावं लागेल. मी नको नको म्हणेन, अजिबात ऐकू नकोस. आणि लवकर ये. आज दुपारी जरा डोळा लागला, जाग आली तर गाऊनची डावी बाही पुढून शिवून बंद केलेली, हात आतच. टाके फार सुंदर आहेत. आता उजव्या बाहीला सुई लागलेली दिसतेय, म्हणून आटोपतं घेते.

तुझीच,
ताई