टोपली कुणाच्या डोईवर

७ ऑक्टोबर
पान परत बुद्धभूषणकडे सरकवलं. म्हटलं, हे छापायचं नाही.

तो गावच्या विहाराची स्मरणिका काढतोय. बारामती एमआयडीसीतली पाळी संपवून थेट इंदापूरला, माझ्याकडे. छप्पन साली आमच्या गावाने धम्म स्वीकारला, तेव्हा देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरून नीरेत सोडले. टोपली कुणी नेली? मोबाईलमधलं एआय म्हणतं, रामभाऊंनी. गावातल्या अक्काबाई म्हणतात, त्यांच्या आईने, सारजाने.

"सर, चार वेबसाइटवर तेच आहे."

चार शेळ्यांनी एकाच झाडाचा पाला खाल्ला, म्हणून झाडं चार होत नाहीत. पदवीधर आहे. माझाच विद्यार्थी!

८ ऑक्टोबर
त्याला घेऊन अक्काबाईंकडे. वय ऐंशी, तेव्हा अकरा.

"रामभाऊ काठावं हुबा व्हता, मास्तर. कोप हुईल म्हनत व्हता. आई छातीइतक्या पान्यात गेली. मी रडत व्हते." मग बुद्धभूषणकडे वळून, "तुज्या फोनचा जल्म कवाचा रं?"

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "पण पुरावा, सर?" छपाई शनिवारी. सारजाचं नाव आत्ता छापून आलं नाही तर कधीच येणार नाही.

९ ऑक्टोबर
एआयला विचारलं: टोपली सारजाने नेली ना? — हो, अगदी बरोबर. पुन्हा विचारलं: रामभाऊंनी नेली ना? — हो, अगदी बरोबर. हा साक्षीदार नव्हे. हुजऱ्या.

१० ऑक्टोबर
चारही वेबसाइट वाचल्या. वाक्य एकच, शब्द न् शब्द. नुसती उचलेगिरी. कुणी गावात पाऊल टाकलेलं नाही, एका बाईला विचारलेलं नाही. एकीच्या तळाशी मूळ लेखाचा दुवा होता. दाबला. महाविद्यालयाचा वार्षिक अंक, २००९.

लेख माझा.

रामभाऊ तेव्हा हयात होते. त्यांच्या ओसरीवर तासभर बसलो. ते बोलले, मी उतरवून घेतलं. अक्काबाईंचं घर तिथून चौथं. गेलो नाही.

११ ऑक्टोबर
सकाळी अक्काबाईंना सांगायला गेलो. त्या भाकरी थापत होत्या.

"ठावं हाय. तुमीच इहारात वाचून दावलं व्हतं की. टाळ्या बी पडल्या."

तेव्हाच का बोलला नाहीत?

"इचारलं कुटं कुनी?"

पान बदललं. सारजाचं नाव आत आलं. खाली माझी चूक, माझ्या नावाने. छपाई अकराला सुरू झाली.