मी गाळलेल्या ओळी

प्रिय बाबा,

तुम्ही असताना मी तुमच्याशी चार वाक्ये सलग बोलले नाही, आणि आता पत्र लिहू धजते. या धाडसाची प्रथम क्षमा मागते. निमित्त आत्याचे आहे. तुमच्या या धाकट्या बहिणीने अंथरूण धरले आहे. शास्त्रातील तुमच्या आवडीचा भाग आज येऊन वाच, असा तिचा निरोप आला. तो माझ्याने वाचून होईल का? ही शंका का यावी, ते तुम्हांला सांगायचे राहिले आहे.

आपल्या कुरुंदा गावात हळद शिजू लागली की तुम्ही पिवळ्या हातांनी घरी यायचात आणि भाकरीपूर्वी मला बायबलातील उपदेशकाचे पुस्तक उघडायला लावायचात. तुम्हांला अक्षरओळख नव्हती. पण त्यातल्या राजाची हकिकत पाठ होती. त्याने महाल बांधले, मळे लावले, विद्या मिळविली, आणि अखेर सारे वाऱ्यामागे धावणेच ठरले! मिशनच्या शाळेत पहिली येणाऱ्या मला ते पटत नसे. आईही चिडायची, "लेकराच्या तोंडून रोज हे काय रडगाणं?"

तुम्ही हसायचात. "अगं, सगळं वारं म्हणणारा राजाबी शेवटी जेवायलाच बसतो! वाढ."

मग गेल्या साली तुमचे दुखणे आले. अखेरच्या दुपारी तुम्ही तोच भाग मागितला. शहाण्यालाही मूर्खासारखेच मरण येते, कष्टाचे फळ दुसऱ्याच्या हाती जाते, हे तुमच्यापुढे कसे उच्चारावे? मी तेवढ्या ओळी गाळल्या आणि अन्नपाणी व श्रमांतील सुख देवाच्या हातून लाभते, तेथे थेट पोहोचले.

"मधलं काहून गाळलं, पोरी?"

"पान फाटलंय, बाबा."

"बरं. उद्या पाळकसाहेबाच्या पुस्तकातून वाच. ते ऐकल्याबिगर पुढचं खरं वाटत न्हाई."

पान फाटलेले नव्हते. पहाटे तुम्ही गेलात.

माझे खोटे तुम्हांला कळले होते का? कळूनही गप्प राहिलात? एकदा रागवायचे तरी होते, बाबा!

गणितात पायऱ्या गाळून नुसते उत्तर मांडले, तर आमचे मास्तर गुण देत नसत. मी तुम्हांला नुसते उत्तर वाचून दाखविले. जगण्याचा अर्थ दुःखाच्या ओळी ओलांडून पुढे कुठेतरी असेल, अशी माझी समजूत होती. तुम्ही मात्र मरण ऐकून घ्यायचात, मग भाकर मोडायचात, आणि ती देवाने दिली म्हणायचात. तेवढी श्रद्धा माझ्यापाशी आहे, असे मी म्हणणार नाही.

आई आताच म्हणाली, "तिला तसलं उदास काई वाचू नको बरं का." तरीही आत्यापुढे मी एकही ओळ गाळणार नाही. आवाज कापला तर थांबेन, पाणी पिईन, आणि जेथे थांबले तेथूनच पुढे वाचीन.

तुमची लेक,
रूथ

तुमच्या कबरीपाशी मोठ्याने वाचून पाठविले : शनिवार, ता. ११ मार्च १९४४, सकाळी साडेसहा.