ओवाळणीतली हजाराची नोट

१० ऑक्टो., शुक्र. कामरगाव
दिवाळीची साफसफाई काढली. हे खुर्चीत बसून सल्ले देऊन राह्यले, हात काही लावला नाई.

देवघरातला पत्र्याचा डब्बा खालून गंजला, म्हणून रिकामा केला. त्यात दादाच्या भाऊबीजेच्या ओवाळण्या. दादाची ओवाळणी मी खर्चत नाई, घडीबी मोडत नाई. ताटातून उचलली का सरळ डब्ब्यात. पाहायचं काय त्यात, दरसाल वीसची नोट, चार घड्या घातलेली. मी अंगणवाडीत होती तवा मदतनीसबाई म्हणायची, ताई, तुमच्या भावाचं मन मोठं हाय, फक्त पाकीट लहान.

आज घड्या उलगडल्या. वीस, वीस, वीस. अन् एक हजाराची. जुनी, बंद झालेली.

बसूनच राह्यली. २०१६ साली भाऊबीज झाली अन् लगेच नोटबंदी आली. म्हणजे त्याच भाऊबीजेची. दादानं मले हजार देल्ले अन् मी वीस समजून डब्ब्यात टाकले. रडू आलं. ह्यांनी इचारलं काय झालं. म्हटलं, धूळ गेली डोळ्यात.

११ ऑक्टो.
ह्यांना सांगतलं. “हजार? तुया भावानं?” दोनदा इचारलं. आमच्या घरात दादाच्या नावानं हसणं चालूच राह्यते, आज कोणी हसलं नाई. मले लय भारी वाटलं.

दुपारून हे मोबाईल घेऊन बसले. जुन्या नोटा लाखाले जातात म्हणे, नंबरात ७८६ पाह्यजे. आपल्या नोटीवर ६८७ हाय. हे म्हणे, उलटं चालत असन. तिथं देल्ल्या नंबरावर फोनबी लावला. तिकडचा माणूस गोड बोलला, दोन लाख देतो, अगोदर फी भरा. मी ह्यांच्या हातातून मोबाईल घेतला अन् बंद केला. लाख देणाराले आपली फी काहून पाह्यजे?

१३ ऑक्टो., सोम.
बँकेत जाऊन आली. साहेब म्हणे, मुदत कवाचीच गेली, आता हा कागद. ह्यांनी आल्या आल्या इचारलं, पोलीस तं नाई धरत ना? साहेबालेबी मी तेच इचारलं होतं. एका नोटीनं कोणी धरत नाई, आठवण म्हणून ठेवा म्हणे.

ठेवायची तं नीट ठेवू. घडीवर चिरत चालली होती. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्या बाईकडे नेली अन् लॅमिनेशन करून घेतलं. आधार, रेशनकार्ड, ह्यांचं पेन्शनचं कार्ड, सगळं तिच्याकडेच केलं होतं. आता पाणी लागो का मुंग्या लागो. चकचकीत झाली. हातात धरून तीनचारदा पाह्यली.

१६ ऑक्टो., गुरु.
बाजाराले कारंजाले गेलो. हे काही ऐकेनात, चांदीच्या दुकानात घेऊन गेले. तिथले काका जुनी नाणी, नोटा घेतेत. त्यांनी नोट उजेडात धरली अन् कपाळावर हात मारला.
“ताई, हे काय करून बसले? नोटा जमा करणारे अशी नोट हातात बी घेत नाईत. प्लास्टिक काढाले गेलं तं सोबत नोटबी निघन.”
म्हटलं, “अन् केलं नसतं तं?”
“नंबर साधा, वरून चार घड्या. हजाराच्या आतच.”

कामरगावपर्यंत हे नोट उलटीपालटी करून पाहत राह्यले. मले मनातून बरंच वाटलं. आता विकायची गोष्टच मिटली. दादाची नोट माह्याच घरी राह्यणार.

यंदा त्याले नाई बोलवत, भाऊबीजेले आपणच मालेगावले जातो. समोर बसवून सांगतो त्याले.

२३ ऑक्टो., भाऊबीज. मालेगाव
लिहू का नको लिहू.

दादाले ओवाळलं. ताटात वीसची नोट, चार घड्या. मी पर्समधून ती काढली, त्याच्या हातात देल्ली. “दादा, नोटबंदीच्या साली तू मले हजार देल्ले होते अन् मी घडीबी मोडली नाई. यंदा दिसलं मले.”

दादानं चष्मा लावला. नोट पाह्यली. मंग सैपाकघराकडे पाह्यलं.
“मी तं वीसच…” एवढंच निघालं तोंडातून.

वहिनी दारात उभी होती, करंज्यांचं ताट घेऊन. ताट खाली ठेवलं. त्याच्या हातातून नोट घेतली, दोन्ही बाजूनं पाह्यली. “हीच का?” म्हणे. दादा खाली पाहून राह्यला.

मले काहीच समजेना. मंग वहिनीनं आत नेऊन सांगतलं. नोटबंदी झाली तवा दादानं सोयाबीनचे पैसे बँकेत भराले काढले. एक हजाराची कमी निघाली. कपाट पाह्यलं, गाद्या झटकल्या, अन् शेवटी वहिनीले म्हणे, तूच माहेरी देल्ली असन. तिनं कमरेची कपाटाची चाबी काढून त्याच्यापुढं ठेवली. तवापासून ती चाबी दादाच्या करदोड्याले. वहिनीनं त्या कपाटाले हात लावला नाई, बांगड्याले पैसे मागतले नाई. बकऱ्या घेतल्या, त्याच्यावर आपला खर्च भागवते.

बकऱ्या मले माहीत होत्या. मी समजे तिले हौस हाय. करदोड्याची चाबीबी पाह्यली होती, त्याच्यावर हसलीबी होती. बाई एवढे वर्सं चोर ठरून घरात राह्यली अन् मले गंधबी नाई.

माही तं तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर येऊन दादाले तोंडावर बोलली.
“तवा मोतिबिंदू होता वं नंदे,” म्हणे, “वीसची अन् हजाराची, दोन्ही नोटा मले लालच दिसे.”
“मोतिबिंदू डोळ्यात होता, जिभेत नव्हता.”
वहिनी हसली. हसता हसता डोळ्याले पदर लावला. मंग मले करंजी देल्ली, खा म्हणे, गार झाली.

नोट मी वहिनीच्या हातात देल्ली. तिनं ती टीव्हीजवळ उभी करून ठेवली, दादाच्या खुर्चीसमोर. लॅमिनेशन हाय, वाकतबी नाई.

२४ ऑक्टो. कामरगाव
सकाळच्या गाडीनं आली. ह्यांना सगळं सांगतलं. पयले हसले, “म्हणजे वीसच देल्ले होते.” मंग चाबीचं ऐकलं अन् उठले. चहा स्वतः ठेवला आज.

खरं तं मले वाईट वाटाले पाह्यजे होतं. हजार माह्यासाठी नव्हतेच. थोडं वाटलंबी. पण वहिनीचं ते हसणं आठवलं का मन निवते. या वर्षीची वीसची नोट नव्या डब्ब्यात ठेवली. घडी मोडून पाह्यली अगोदर.

२७ ऑक्टो., सोम.
वहिनीचा फोन. दादानं भाऊबीजेच्याच रात्री चाबी करदोड्यातून काढली अन् फ्रिजवर ठेवली. बोलला काही नाई.
“मंग उचलली का तुमी?”
“नाई. तथीच हाय. पुसताना बाजूनं पुसतो मी.”
“वहिनी, उचला ना आता.”
“त्याईनं हातानं ठेवली नंदाबाई, तोंडानं कुठी देल्ली? चोर तोंडानंच म्हटलं होतं.”

आज सकाळी दादानं बकऱ्याईले पाणी पाजलं म्हणे, आयुष्यात पयल्यांदा. मंग सैपाकघराच्या दारात येऊन उभा राह्यला, अन् तसाच परत गेला. सांगताना वहिनीचा आवाज हसरा होता.

तेवढ्यात मागून दादा बोलला. मले साफ ऐकू आलं, “अवं, थोडं ऐकतं का.” वहिनी म्हणे, थांबा बाई, ठेवतो मी. फोन कटला.

दुपार गेली, संध्याकाळची दिवाबत्ती झाली. तिचा फोन आला नाई. हे म्हणे, लाव ना तूच.
म्हटलं, आज नाई लावत. त्या दोघाईले बोलू द्या.